सहा तासांचा प्रकाश कुठे गेला?

वाचकांचे प्रश्न

प्रकाशवर्ष, पार्सेक आणि खगोलीय एकक यांच्या आपसातल्या रूपांतरावर बरीच पत्रं आली. त्यातले सहा प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गात एका प्रकाशवर्षाचे किलोमीटर काढायला दिले. एका मुलाने प्रकाशाचा वेग सरळ सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला, वर्ष ३६५ दिवसांचं धरलं, आणि ९,४६,०८० कोटी किलोमीटर उत्तर काढलं. एका मुलीने वेग अचूक घेतला, २,९९,७९२.४५८ किलोमीटर, आणि वर्ष ३६५ दिवसांचंच. तिला ९,४५,४२५ कोटी आले. पुस्तकात ९.४६ गुणिले १० चा १२ वा घात, म्हणजे ९,४६,००० कोटी आहे. जास्त काळजी घेणाऱ्या मुलीचं उत्तर पुस्तकापासून लांब का गेलं? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : मुलाच्या हिशोबात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींना खाऊन टाकतात. मुलीने त्यातली एक दुरुस्त केली, त्यामुळे दुसरी उघडी पडली.

प्रकाशवर्षातलं 'वर्ष' हे ज्युलियन वर्ष असतं: बरोबर ३६५.२५ दिवस, प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचा. म्हणजे ३,१५,५७,६०० सेकंद. भिंतीवरच्या कॅलेंडरचं वर्ष सरासरी ३६५.२४२५ दिवसांचं आहे, ऋतूंचं सायन वर्ष ३६५.२४२२ दिवसांच्या आसपास आहे, पण प्रकाशवर्षासाठी आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ज्युलियन वर्षच धरलं आहे. हे सेकंद २,९९,७९२.४५८ ने गुणले की ९४,६०,७३,०४,७२,५८०.८ किलोमीटर येतात, म्हणजे ९,४६,०७३ कोटींच्या किंचित वर.

आता वर्ष ३६५ दिवसांचं धरलं तर पाव दिवस सुटतो. पाव दिवस म्हणजे सहा तास, २१,६०० सेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश ६४७ कोटी ५५ लाख किलोमीटर जातो, आणि हे अंतर ४३.३ खगोलीय एककं भरतं (एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर). सूर्यापासून प्लूटोचं सरासरी अंतर साडेएकोणचाळीस खगोलीय एककं आहे. म्हणजे त्या मुलीच्या हिशोबात सूर्य ते प्लूटोपेक्षा मोठा तुकडा गळाला आहे. टक्क्यांत ही तूट ०.०६८ भरते.

मुलाने वेग ३ लाख धरला, तो ०.०६९ टक्के जास्त. वर्ष ०.०६८ टक्के कमी. जास्त आणि कमी जवळजवळ समान निघाले, म्हणून त्याचं उत्तर खऱ्या आकड्याहून फक्त ७ कोटी किलोमीटरने चुकलं, पृथ्वी ते सूर्य अंतराच्या निम्म्याहूनही कमी. हा निव्वळ योगायोग आहे. त्याने वर्ष ३६५.२५ दिवसांचं केलं आणि वेग तसाच ३ लाख ठेवला, तर चूक ७ कोटींवरून ६५५ कोटींवर जाईल. फळ्यावर चारही उत्तरं शेजारी शेजारी मांडा. अर्धी दुरुस्ती उत्तर बिघडवू शकते, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण सापडणं कठीण आहे. आणि त्या मुलीचे गुण कापू नका. तिने वापरलेला वेग बरोबरच होता.

मुलं हमखास आणखी एक विचारतात: हा वेग मोजलेला आहे ना, मग तो उद्या बदलला तर? तो बदलणार नाही. १९८३ साली मीटरची व्याख्याच प्रकाशावर बांधली गेली. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितकं अंतर कापतो, तो एक मीटर. त्यामुळे प्रकाशाचा वेग मोजायचा आकडा राहिलेला नाही, तो ठरवून दिलेला आहे. वर्षाचे सेकंदही ठरवलेले. म्हणून प्रकाशवर्षाचे मीटर शेवटच्या अंकापर्यंत पक्के आहेत: ९,४६,०७,३०,४७,२५,८०,८००. खगोलीय एककाचंही २०१२ पासून तसंच आहे. बीजिंगच्या अधिवेशनात खगोल संघाने ते बरोबर १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असं ठरवून टाकलं. त्याआधी ते सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून काढावं लागे, म्हणून जुन्या पुस्तकांत शेवटचे अंक थोडे वेगळे दिसतात. त्या पुस्तकांना चूक म्हणू नका.

उत्तर ताडून पाहायला एक सोपी युक्ती आहे. एका प्रकाशवर्षात ६३,२४१ खगोलीय एककं असतात आणि एका मैलात ६३,३६० इंच. हे आकडे इतके जवळ असण्यामागे काही कारण नाही, पण लक्षात ठेवायला त्याचा उपयोग आहे: पृथ्वी-सूर्य अंतर एक इंच काढलं तर प्रकाशवर्ष जवळजवळ एक मैल होतं. सेंटिमीटरमध्ये हवं तर एक सेंटिमीटरला ६३२ मीटर. सूर्याचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, या मापाने २ किलोमीटर ६८५ मीटरवर येतो. शाळेच्या फाटकापासून चालत जाऊन दाखवता येईल.

प्रश्न : ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानाच्या यादीतून ताऱ्यांचे पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं) घेऊन मी स्प्रेडशीटमध्ये अंतरं काढतो. काही उत्तरं हजारपट चुकतात, काही ऋण येतात. पार्सेकचं प्रकाशवर्ष करताना ३.२६ ने गुणायचं की भागायचं, यातही गोंधळ होतो. (एक हौशी आकाशनिरीक्षक, नागपूर)

उत्तर : आधी पार्सेक कुठून येतो ते पाहू, म्हणजे गुणायचं की भागायचं हा प्रश्न पुन्हा पडणार नाही.

पंचांगात अंश, कला, विकला असतात त्याच इथे आहेत. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला, म्हणजे विकला हा अंशाचा ३,६०० वा भाग. ज्या अंतरावरून एक खगोलीय एकक बरोबर एका विकलेएवढं दिसतं ते अंतर म्हणजे एक पार्सेक. आंतरराष्ट्रीय व्याख्येत तो ६,४८,००० भागिले पाय इतकी खगोलीय एककं आहे, म्हणजे २,०६,२६४.८०६. याला प्रकाशवर्षातल्या ६३,२४१.०७७ ने भागलं की ३.२६१५६ येतं. पार्सेक मोठा आहे, म्हणून त्याच अंतराचा पार्सेकमधला आकडा लहान असणार. प्रकाशवर्षं नेहमी जास्त भरली पाहिजेत. कमी भरली तर गुणाकाराच्या जागी भागाकार झालाय.

हाच आकडा कॅल्क्युलेटरवर टॅनने काढून पाहिलात आणि २,०६,२६५ ऐवजी ३,६०० आले, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर लावलेला आहे. तो अंशांवर आणा. दुसरी नेहमीची चूक घातांकाच्या बटणाची. त्या बटणातच 'गुणिले १० चा घात' भरलेला असतो. आधी वेगळा १० दाबून मग ते बटण दाबलं की उत्तर बरोबर दहापट होतं.

तुमच्या हजारपट चुकीचं कारण एककात आहे. गाया पराशय मिलिविकलांत देते. विकलांत असेल तर १ भागिले पराशय, मिलिविकलांत असेल तर १,००० भागिले पराशय. प्रॉक्सिमाचा पराशय ७६८.०७ मिलिविकला आहे, म्हणून अंतर १.३०२ पार्सेक, ३.२६१५६ ने गुणून ४.२४६ प्रकाशवर्षं. नवीन शीट केली की पहिली ओळ प्रॉक्सिमाची ठेवा. तिथे ४.२५ आलं नाही तर खालची एकही ओळ वाचू नका.

पराशय स्वतः मोजणाऱ्यांसाठी आणखी एक. सहा महिन्यांच्या अंतराने ताऱ्याचं जे एकूण सरकणं दिसतं, त्याच्या निम्मं म्हणजे पराशय. कारण पाया पृथ्वीच्या कक्षेचा व्यास नसून त्रिज्या असते. पूर्ण सरकणं वापरलं तर अंतर निम्मं येतं. फ्रीडरिश बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नीचा पराशय ०.३१४ विकला असा जाहीर केला, त्यातून १०.४ प्रकाशवर्षं येतात. आजचा आकडा ०.२८६ विकला आहे, म्हणजे ११.४ प्रकाशवर्षं. त्या काळच्या साधनांनी दहा टक्क्यांच्या आत पोहोचणं हे थक्क करणारं काम होतं.

ऋण पराशयांबद्दल: फार दूरच्या ताऱ्याचा खरा पराशय मोजणीच्या चुकीपेक्षाही लहान असतो, तेव्हा मोजलेला आकडा शून्याच्या खाली जाऊ शकतो. ही बिघाडाची खूण नाही, पण असा आकडा उलटा करून अंतर मिळत नाही. ती ओळ सोडा. नुसतं चिन्ह बदलून धन करणं तर सगळ्यात वाईट.

धन आकड्यांतही अनिश्चिततेचा स्तंभ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. समजा पराशय ०.५० मिलिविकला आहे आणि अनिश्चितता ०.०५. सरळ उत्तर २,००० पार्सेक. पण ०.५५ धरलं तर १,८१८ आणि ०.४५ धरलं तर २,२२२. पाहा, जवळच्या बाजूला १८२ आणि लांबच्या बाजूला २२२. भागाकार उलटा असल्यामुळे दोन बाजू सारख्या राहत नाहीत. शीट या ताऱ्याचं अंतर ६,५२३.१२ प्रकाशवर्षं दाखवेल. लिहायचं मात्र 'सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं, ५,९०० ते ७,२०० च्या दरम्यान'. रूपांतराचा गुणक कितीही अंकांपर्यंत पक्का असला तरी मोजमापाची अनिश्चितता त्याने घटत नाही. अनिश्चितता पराशयाच्या दहा टक्क्यांच्या वर गेली की नुसता व्यस्त घेण्यावर आम्ही भिस्त ठेवत नाही.

शिवाय गायाच्या तिसऱ्या संचातले पराशय सरासरीने ०.०१७ मिलिविकला कमी भरतात. अतिदूरच्या क्वेसारांचा पराशय शून्य यायला हवा, तो तेवढा ऋण येतो, त्यावरून हे कळलं. प्रॉक्सिमाला याने काहीही फरक पडत नाही. पण वरच्या ०.५० चं ०.५१७ केलं की २,००० पार्सेकचे १,९३४ होतात. नेमकी दुरुस्ती ताऱ्याच्या तेजावर, रंगावर आणि आकाशातल्या जागेवर अवलंबून असते. दूरच्या ताऱ्यांसाठी ती लावायलाच हवी.

प्रश्न : सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला कुठे ८ मिनिटं, कुठे ८ मिनिटं २० सेकंद दिलेलं असतं. बरोबर काय? (बारावीचा विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : एका खगोलीय एककाला ४९९.००५ सेकंद, म्हणजे ८ मिनिटं १९ सेकंद. पण पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असतो, तेव्हा ८ मिनिटं ११ सेकंद. जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटी किलोमीटर, तेव्हा ८ मिनिटं २७ सेकंद.

मनातल्या हिशोबासाठी खगोलीय एककांना ८.३१७ ने गुणा, प्रकाश-मिनिटं मिळतात. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा मंगळ सुमारे दीड खगोलीय एककावर होता, म्हणजे संदेशाला एका बाजूने साडेबारा मिनिटं. इंजिन सुरू करण्याच्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवाव्या लागल्या त्या यामुळेच. मंगळाचं अंतर ०.३७ ते २.६८ एककांमध्ये बदलतं, तेव्हा तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत काहीही होऊ शकतं. आदित्य-एल१ मात्र १५ लाख किलोमीटरवर, म्हणजे अवघ्या ५ प्रकाश-सेकंदांवर आहे. सूर्याच्या वाटेवरचा जेमतेम शंभरावा भाग. ते सूर्याजवळ पोहोचलं आहे असं समजणाऱ्यांना हा आकडा सांगा.

प्रश्न : मी इंग्रजी विज्ञान-बातम्या मराठीत आणतो. मिलियन-बिलियन प्रकाशवर्षं आली की शून्यं चुकतात. 'खर्व-निखर्व' वापरावेत का? (एक अनुवादक, ठाणे)

उत्तर : मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी किंवा अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. एवढ्यावर थांबा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या परंपरेत खर्व १० चा १० वा घात, निखर्व ११ वा आणि महापद्म १२ वा आहे. त्या हिशोबाने प्रकाशवर्ष ९.४६ महापद्म किलोमीटर होतं, आणि वाचायलाही ते छान वाटतं. पण हिंदीतला खरब १० चा ११ वा घात आहे. खर्व वाचताना वाचकाच्या डोक्यात कोणता आकडा येईल याची खात्री नाही, म्हणून बातमीत ते नको.

सगळ्यात जास्त घसरतं ते दशांश चिन्हाजवळ. देवयानी दीर्घिका २.५ मिलियन प्रकाशवर्षांवर आहे. याचे मराठीत २५ लाख होतात. अडीच लाखही नाहीत, अडीच कोटीही नाहीत. ताडून पाहायचं तर दुसऱ्या वाटेने या: तिचं अंतर सुमारे ७७० किलोपार्सेक. ७७० ला ३.२६ ने गुणलं की २,५१० हजार, म्हणजे २५ लाख. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं की छापायला द्या. आपल्या आकाशगंगेचं केंद्र सुमारे ८.२ किलोपार्सेकवर आहे, म्हणजे २६,७०० प्रकाशवर्षं. २०१७ मध्ये पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी दीर्घिकांच्या 'सरस्वती' महासमूहाचा शोध जाहीर केला. त्याचा विस्तार सुमारे २०० मेगापार्सेक आहे. मेगा म्हणजे दहा लाख, तेव्हा ६५ कोटी प्रकाशवर्षं.

आणि कृपा करून 'लाखो प्रकाशवर्षांपूर्वी' लिहू नका. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे, तिचा आज दिसणारा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. अंतराला प्रकाशवर्षं, काळाला नुसती वर्षं.

प्रश्न : खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीबद्दल वाचताना 'एक नॅनोसेकंद म्हणजे ३० सेंटिमीटर' असं वाचलं. इतकं लहान माप तिथे कशाला लागतं? केबलची लांबीही अशीच काढतात का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नारायणगाव)

उत्तर : प्रकाश एका नॅनोसेकंदात २९.९८ सेंटिमीटर जातो. आपली नेहमीची फूटपट्टी ३०.४८ सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास तीच. प्रकाशवर्षाचं हे धाकटं भावंड रेडिओ खगोलशास्त्रात रोज वापरात असतं.

जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. दूरवरून आलेली एकच लहर प्रत्येक अँटेनावर थोड्या वेगळ्या क्षणी पोहोचते. तो फरक भरून काढल्याशिवाय तिसांची मिळून एक दुर्बीण होत नाही. २५ किलोमीटरला प्रकाश ८३.४ मायक्रोसेकंद घेतो. आता हायड्रोजनची रेषा पाहा: वारंवारता १,४२०.४०६ मेगाहर्ट्झ, वेगाला तिने भागलं की तरंगलांबी २१.१ सेंटिमीटर. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरची चूक, पूर्ण एका लहरीहून जास्त. शिखर आणि दरी कुठे आहे हेच कळेनासं होईल.

केबलचं उत्तर: नाही, तसं काढत नाहीत, आणि इथेच बरेच जण फसतात. ३० सेंटिमीटर हे निर्वातासाठी आहे. हवेतही जवळपास तेवढंच. ऑप्टिकल फायबरचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असतो, म्हणून त्यात प्रकाश नॅनोसेकंदाला २० सेंटिमीटरच्या थोडं वर जातो. २५ किलोमीटर फायबरमधून जायला १२२.६ मायक्रोसेकंद लागतात. हाच वेळ निर्वाताच्या वेगाने गुणलात तर फायबर ३६.७५ किलोमीटर लांब निघेल. तांब्याच्या कोअॅक्स केबलचा वेगगुणक वेगळा असतो. तो केबलच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, तोच घ्या.

प्रश्न : विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, मग दृश्य विश्वाची त्रिज्या ४६ अब्ज प्रकाशवर्षं कशी? रूपांतरात चूक आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : रूपांतर बरोबर आहे. प्रकाश वाटेत असताना मागचं अवकाश पसरत राहिलं, म्हणून जिथून तो निघाला ती जागा आज १३.८ अब्ज प्रकाशवर्षांच्या कितीतरी पलीकडे गेली आहे. ४६ अब्ज हे तिचं आजचं अंतर.

लहान अंतरांना हा फरक जाणवत नाही. ताम्रसृती म्हणजे अवकाश पसरल्यामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती पटीने वाढली याचं माप. ताम्रसृती ०.१ असलेल्या दीर्घिकेचा प्रकाश साधारण १.३ अब्ज वर्षं प्रवास करून येतो आणि तिचं आजचं अंतर त्याहून पाचेक टक्क्यांनीच जास्त असतं. ताम्रसृती १ झाली की प्रवास जवळजवळ ८ अब्ज वर्षांचा आणि आजचं अंतर सुमारे ११ अब्ज प्रकाशवर्षं. म्हणून फार दूरच्या दीर्घिकेचा आकडा हाती आला तर गुणाकार करण्यापूर्वी मूळ मजकुरात पाहा: तो प्रकाशाच्या प्रवासाचा काळ आहे की आजचं अंतर. मेगापार्सेकमध्ये दिलेला आकडा हा काळ नसतो. तो आजच्या अंतराचा आहे असं मजकुरात म्हटलं असेल, तरच ३.२६ ने गुणून तशी प्रकाशवर्षं लिहा. 'इतक्या अब्ज वर्षांपूर्वीचा प्रकाश' असं दिलेलं असेल तर त्याला वर्षंच राहू द्या, पुढे 'प्रकाश' जोडू नका.